दुःखितास वनाचा आधार : तुकोबांचे डोंगर आणि मढचा दर्या

या महिन्याच्या पाठासाठी आम्ही घेतलेला विषय सुखाचा नाही, पण घराघरातला आहे. माणूस जातो, तेरावे होते, पाहुणे आपापल्या गावी परततात आणि मग खरे दुःख सुरू होते. भांडी तीच, अंथरूण तेच, दारही तेच. फक्त त्या दारातून येणारे एक पाऊल आता येत नाही. अशा वेळी भेटेल तो सांगतो, "नाम घ्या हो, सारे ठीक होईल." नाम घ्यावेच, त्याविषयी वाद नाही. पण ज्याच्या घशात हुंदका अडकला आहे, ज्याच्या मुखातून नामच निघत नाही, त्याने काय करावे? त्याने आधी कोठे जाऊन बसावे?

तुकोबारायांनी या प्रश्नाचे उत्तर तोंडाने देण्यापूर्वी पायांनी दिले. ते डोंगरावर गेले. आणि आपण नेहमी विसरतो ती गोष्ट अशी की ते डोंगरावरून खाली आले. या जाण्याचा आणि येण्याचा अर्थ आज पाहू.

१. शास्त्र दुःखिताला घराबाहेर का नेते?

आपल्या अंत्यविधींकडे जरा या दृष्टीने पाहा. दहाव्या दिवसाचे कर्म घरात होत नाही. ते नदीच्या घाटावर, तळ्याच्या काठी होते. हातात काय असते? दर्भ, तीळ आणि पाणी. पिंड मांडून झाले की सगळे जण मागे सरतात आणि कावळ्याची वाट पाहतात. दहा दिवस दिव्याजवळ मान खाली घालून बसलेला माणूस त्या सकाळी प्रथमच मान वर करतो आणि झाडाच्या फांदीकडे पाहतो. कावळा शिवला म्हणजे गेलेल्याची इच्छा पुरी झाली, असे आपण मानतो. त्याचा पारलौकिक अर्थ आहेच. पण जो मागे उरला त्याच्यासाठीही त्यात सोय आहे. त्याची खाली गेलेली नजर झाडावर गेली, आभाळावर गेली, हे काही थोडे नाही.

याहून एक विलक्षण सोय शास्त्राने सांगितली आहे. ज्याचा देहच सापडला नाही, जो पुरात वाहून गेला किंवा परमुलखात हरवला, त्याच्यासाठी पालाशविधी आहे. पळसाच्या पानांचे ३६० देठ घेऊन त्यांचा मनुष्याकार पुतळा करावा आणि त्यावर संस्कार करावा. देह नाही म्हणजे शोकाला टेकायला जागा नाही. तेव्हा शास्त्राने रानातल्या झाडाची पाने पुढे केली आणि सांगितले, बाबा, याला माणूस समज, आणि रड.

परंतु ही सारी व्यवस्था तेराव्या दिवशी आटोपते. चौदाव्या दिवसापासून पुढे काय, याचे उत्तर विधीत नाही. ते संतांच्या चरित्रात शोधावे लागते.

२. देहूचा दुष्काळ

तुकोबांचे चरित्र आपण कीर्तनात इतक्यांदा ऐकतो, सांगतो, की त्यातले दुःख आता आपल्याला टोचत नाही. म्हणून ते जरा सावकाश पाहू.

सतराव्या-अठराव्या वर्षाच्या सुमारास आईवडील गेले. थोरले बंधू सावजी यांची पत्नी वारली आणि सावजी घर सोडून तीर्थाटनाला गेले. प्रपंच तुकोबांच्या खांद्यावर आला. इ.स. १६२९ ते १६३२ या वर्षांत दख्खनेत आणि गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला. शके १५३० हे तुकोबांचे जन्मवर्ष धरले तर त्या वेळी त्यांचे वय एकवीस-बावीस होते. दुकान बुडाले, मान गेला. पहिली पत्नी रखुमाबाई दम्याने आधीच खंगलेली. ती अन्नावाचून गेली. मुलगा संताजी गेला. तुकोबांनी स्वतः एका अभंगात दुष्काळाचा आणि पत्नीच्या त्या मरणाचा उल्लेख केला आहे. म्हणजे ही केवळ चरित्रकारांनी रंगवलेली कथा नव्हे. एकवीस वर्षांच्या पोराने आपली बायको भाकरीसाठी तळमळत मेलेली पाहिली, ती ही हकीकत आहे.

मग ते कोठे गेले? परंपरा सांगते की ते भामनाथाच्या डोंगरावर गेले. चाकणजवळचा हा डोंगर. आज त्याला भामचंद्र म्हणतात. तेथे पंधरा दिवस राहिले. पुढे देहूपासून दीड-दोन कोसांवरचा भंडारा त्यांची नित्याची एकांताची जागा झाली, आणि गोराडा म्हणजेच घोरावडेश्वर हा तिसरा डोंगरही त्यांचाच. मुंबईहून पुण्याला रेल्वेने जाणाऱ्या वारकऱ्याने घोरावाडी स्थानक आले की हात जोडावेत, ते यासाठी.

३. डोंगराने काय केले?

डोंगराने तुकोबांचे दुःख नाहीसे केले, असे कोणी सांगत असेल तर ते आम्हांस मान्य नाही. रखुमाबाई परत आल्या नाहीत, संताजी परत आला नाही. डोंगराने तीन गोष्टी केल्या असाव्यात असे आम्हांस वाटते.

पहिली गोष्ट, डोंगराने काही विचारले नाही. गावात दुःखी माणसाला प्रश्नांचा फार त्रास होतो. कसे झाले हो? औषध दिले नव्हते का? आता पुढे काय? प्रत्येक उत्तराबरोबर जखमेवरची खपली निघते. झाडाला कोणी गेल्याचे सांगावे लागत नाही. तुकोबांनी झाडांना आणि वनातल्या जिवांना आपले सोयरे मानले, हे वारकऱ्याला सांगायला नको. पण सोयरे अनेक प्रकारचे असतात. हे सोयरे गप्प बसून सोबत करणारे होते.

दुसरी गोष्ट, डोंगरावर काळ वेगळा चालतो. घरात दिवस मृत्यूपासून मोजला जातो. आज बारावा, आज महिना, आज वर्ष. रानात दिवस उन्हावरून आणि पाखरांवरून मोजला जातो. शोकाने थांबलेले मनाचे घड्याळ हळूहळू त्या दुसऱ्या चालीला लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. डोंगराने त्यांना ठेवून घेतले नाही. धाकटे बंधू कान्होबा शोधत शोधत भामनाथावर पोचले. दोघे खाली उतरून इंद्रायणीकाठी आले. तेथे तुकोबांनी सावकारीची खतपत्रे दोन वाट्यांत विभागली, कान्होबांचा वाटा त्यांना दिला आणि आपला वाटा इंद्रायणीत सोडला. दुष्काळात बुडालेल्या कुळांकडून आता काय वसूल करायचे? ज्याने स्वतः उपासमार पाहिली त्याच्याच हातून हे होऊ शकते. पुढे त्यांनी पडझड झालेले वडिलोपार्जित विठ्ठलमंदिर दुरुस्त केले आणि कीर्तनाला उभे राहिले. दुःखी माणूस एकांतातून लोकांत परतला आणि येताना इतरांचे ओझे हलके करून आला. एकांत पचला की नाही याची खूण हीच.

येथे जिजाबाईंचे नाव न घेणे हा कृतघ्नपणा होईल. भंडाऱ्यावर भाकरी घेऊन कोण चढत होते? त्याच. पायात काटा मोडल्याची कथा त्यांचीच. तुकोबांना डोंगर मिळाला. जिजाबाईंना चूल, मुले आणि रिकामी कणगी. दुष्काळ त्यांच्याही घरावरून गेला होता. शोक असूनही ज्यांना घर सोडता येत नाही अशा आयाबहिणींचा विचार पाठाच्या शेवटी करू.

४. पहिली शंका : ज्याने नेले त्याच्याकडेच कसे जावे?

आता पूर्वपक्ष. मुंबईच्या उत्तरेस मालाडच्या पश्चिमेला मढ हे कोळ्यांचे जुने गाव आहे. वेसाव्याहून होडीने खाडी ओलांडली की मढ. एका बाजूला दर्या, दुसऱ्या बाजूला खाडी आणि तिवरांचे रान. गावात हरबादेवीचे देऊळ, टोकाला जुना किल्ला, किनाऱ्यावर होड्या आणि बोंबील वाळवायच्या वलांड्या. तेथे एकदा आम्ही हेच चरित्र लावले होते. कीर्तन संपल्यावर पाया पडायला आलेली एक बाई वाकली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "बुवा, तुकोबांचं माणूस काय डोंगरानं नेलं नव्हतं. माझा पोर ह्याच दर्यानं नेला. सकाळी दार उघडलं की तोच समोर. मग मी कुठं बघू?"

सज्जनहो, न्यायशास्त्र शिकलेल्या पंडितालाही निरुत्तर करील अशी ही शंका आहे. नदी, डोंगर, समुद्र यांना आई म्हणणे सोपे. पण पूर आणतो तोही निसर्गच, दरड कोसळते तीही त्याच डोंगराची. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईजवळून गेले तेव्हा या किनाऱ्यावरच्या कित्येक होड्या फुटल्या. ज्याच्या हातून घाव झाला त्याच्याच हातून मलम कसे लावून घ्यावे?

आम्ही उत्तर जुळवीत होतो, इतक्यात बाजूला बसलेली एक म्हातारी कोळीण म्हणाली, "बाय, दर्या कुणाचा वैरी नाय नि कुणाचा सोयरा नाय. त्याला शिव्या घाल. पण तोंड फिरवू नको. त्याच्याकडं बघूनच घाल."

आम्ही घरी आल्यावर त्यावर पुष्कळ विचार केला. रखुमाबाईंना कोणी नेले? न पडलेल्या पावसाने. म्हणजे आभाळाने. आणि तुकोबा बसले ते कोठे? भामनाथाच्या माथ्यावर, त्याच उघड्या आभाळाखाली. ज्याने नेले त्याच्यासमोरच ते जाऊन बसले होते! ते तेथे केवळ शांत बसले असतील असेही समजू नका. तुकोबांच्या अभंगांत देवाशी केलेले कडकडून भांडण आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. सोयरेपणा भांडून झाल्यावर आला.

म्हणून सिद्धान्त असा. निसर्ग न्यायाधीश नाही आणि मारेकरीही नाही. वाऱ्याने अमक्याचा मुलगा निवडून नेला, त्याच्या आईचे काही पाप होते, असे मानणे हे दुःखावर डाग देणे आहे. वारा सर्वांवर वाहतो. हे कळायला वाऱ्यासमोर उभे राहावे लागते. पाठ फिरवली तर तो जन्मभर वैरीच वाटत राहील.

त्या बाईला उत्तर त्या म्हातारीनेच दिले. आम्ही फक्त साक्षीदार. तिचे दुःख मिटले असे आम्ही सांगणार नाही. एवढेच सांगतो की जाताना ती म्हातारीचा हात धरून किनाऱ्याच्या वाटेने गेली.

५. दर्याचा पाठ : भरती, ओहोटी, उधाण, भांग

मढच्या मंडळींकडून आम्ही एक हिशेब शिकलो. पंचांगातली तिथी घ्यावी आणि तिला पाऊणने गुणावे. जो आकडा येईल ती या किनाऱ्यावरची भरतीची ढोबळ वेळ. आपल्या एकादशीचेच पाहा. अकरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाआठ. एकादशीला सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास भरती, आणि दुपारी सव्वादोन-अडीचला ओहोटी. दिवसातून दोनदा पाणी चढते, दोनदा उतरते, आणि रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ते फार चढते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार बेताचा असतो, त्याला भांग म्हणतात.

शोकाचीही हीच चाल नाही का? दुःखी माणसाला वाटते, काल जरा बरे वाटले, आज पुन्हा छाती भरून आली, म्हणजे आपण परत मागे गेलो. तसे नसते. ती भरती असते. दिवाळी, गेलेल्याची जन्मतिथी, पितृपंधरवडा ही शोकाची उधाणे. त्या दिवशी पाणी चढणारच. कोळी उधाणाला भिऊन घर सोडत नाही आणि भांगाला भुलून होडी मोकळी सोडत नाही. तो तिथी पाहून नांगर टाकतो. आपणही कठीण दिवस आधीच ओळखून ठेवावेत, त्या दिवशी घरात चार माणसे असावीत, भजन असावे.

खाडीकाठचे तिवर पाहिले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. गोड्या पाण्यावर वाढणारे झाड तेथे जळून जाईल. तिवर खाऱ्या चिखलात उभे राहते. त्याची मुळे श्वासासाठी चिखलातून वर डोके काढतात, आणि अंगात शिरलेले मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते; पानाला बोट लावून जिभेला लावा, खारट लागेल. डोळ्यांतून पाणी काढणाऱ्याला दुबळा म्हणणाऱ्यांनी एकदा तिवराचे पान चाखावे.

६. दुसरी शंका : रम्य स्थळी दुःख वाढते

कोणी म्हणेल, बुवा, आम्हांला तर सुंदर जागी गेल्यावर जास्तच रडू येते. ही शंकाही खरी आहे आणि जुनी आहे. वाल्मीकींनी किष्किंधाकांडाच्या आरंभी पंपा सरोवराचे वर्णन केले आहे. वसंत फुललेला, पाखरे बोलताहेत, आणि सीतेवाचून रामचंद्र त्या शोभेनेच व्याकुळ होतात. साहित्यशास्त्रात याला उद्दीपन म्हणतात. निसर्ग दुःख विझवतो तसा पेटवतोही.

मग परिहार काय? पुढची कथा वाचावी. वाली पडल्यावर पावसाळा आला आणि रामचंद्र प्रस्रवण पर्वतावर राहिले. मेघ आले, नद्या भरल्या, शरद ऋतू उजाडला आणि आभाळ निवळले. दुःख संपले नव्हते, पण शोधाला निघण्याचे बळ आले. या साऱ्या काळात लक्ष्मण जवळ होता, हे महत्त्वाचे. म्हणजे दोन गोष्टी हव्यात. ऋतू पालटेपर्यंतचा धीर, आणि लक्ष्मणासारखी सोबत. एका दिवसाच्या सहलीने शोक निवत नाही.

७. आजच्या विद्येची साक्ष

जपानात १९८२ साली तेथील सरकारी वनखात्याने लोकांनी स्वस्थपणे रानात वेळ घालवावा असा पुरस्कार केला. त्याला वनस्नान अशा अर्थाचे नाव दिले. अमेरिकेत रॉजर उलरिक नावाच्या संशोधकाने १९८४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधे कमी लागली. पोटाची जखम आणि काळजाची जखम एक नव्हे, म्हणून याचा फार ताण आम्ही देत नाही. पण तुळशीवृंदावन दारासमोर बांधणाऱ्या आपल्या आज्यांना हे ऐकून नवल वाटले नसते.

८. साधन काय करावे?

एक. सुतक फिटल्यावर रोज ठरल्या वेळी घराबाहेर एका ठरल्या जागी बसावे. नदी, टेकडी, समुद्र, नाहीच तर वस्तीतला वड-पिंपळ. जागा बदलू नये. तेथे नाम आले तर घ्यावे, नाही आले तर नुसते पाहावे. नाम आपोआप येईल.

दोन. प्रारंभी एकट्याने जाऊ नये. मढजवळच्या आक्सा किनाऱ्यावर पाण्याच्या ओढीने अनेकांचे प्राण गेले आहेत. शोकात भान नसते. पाण्यात उतरू नये, कड्याच्या काठाला जाऊ नये. आणि जीवच नकोसा वाटू लागला तर डोंगर-समुद्र बाजूला ठेवून आधी माणूस गाठावा. घरच्यांना सांगावे, डॉक्टरकडे जावे. सरकारच्या टेलिमानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर बोलता येते. त्यात लाज नाही. कान्होबा शोधत आले म्हणूनच तुकोबा खाली आले, हे विसरू नये.

तीन. ज्यांना घर सुटत नाही त्या आयाबहिणींनी तुळशीपाशी अर्धी घटका स्वतःसाठी ठेवावी. पाणी घालून लगेच आत वळू नये. आणि घरातल्या इतरांनी तेवढा वेळ चूल सांभाळावी. जिजाबाईंची भाकरी आपण चारशे वर्षे गातो, तर हे एवढे तरी करावे.

चार. गेलेल्याच्या नावाने एक झाड लावावे, पण ते पहिली तीन वर्षे तरी जगवावे. लावणे सोपे, उन्हाळ्यात पाणी घालणे हीच सेवा.

पाच. जमेल त्याने वारी करावी. वारी म्हणजे चालते वन आहे. पायाखाली माती, डोक्यावर आषाढाचा पाऊस, आणि पुढेमागे माणसे. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज वडिलांच्या वैकुंठगमनानंतर जन्मले, असे परंपरा सांगते. ज्याने बापाचे मुख पाहिले नाही त्याने १६८५ साली बापाच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुका घेतल्या आणि पंढरीची वाट धरली. त्या पोरक्या मुलाच्या मागून आज लाखो लोक चालतात.

९. मंडळाच्या बैठकीत विचार करावा असे प्रश्न

१) आपल्या गावात कोणी गेले तर चौदाव्या दिवसापासून त्या घराकडे कोण जाते?
२) दुःखी माणसाला आपण कोणते प्रश्न विचारतो? त्यांपैकी कोणते विचारले नाहीत तर चालेल?
३) आपल्या गावात शांत बसता येईल अशी कोणती जागा उरली आहे? ती राखण्यासाठी मंडळ काय करील?
४) तुकोबा डोंगरावर गेले याचे कीर्तन आपण करतो. कान्होबा त्यांना शोधायला गेले, याचे कीर्तन कोण करील?

शेवटचा प्रश्न आम्ही मुद्दाम घातला आहे. प्रत्येक मंडळात कोणीतरी आज डोंगरावर असते, कोणाला न सांगता. पुढल्या एकादशीला भजन आटोपल्यावर टाळ खाली ठेवण्यापूर्वी आपल्यांत कोण आलेले नाही ते पाहावे, आणि दुसऱ्या दिवशी बारस सोडली की त्याच्या घराची वाट धरावी. उपदेश बरोबर नेऊ नये. भाकरी न्यावी.

रामकृष्णहरि.